इंगविलची पाठ

योरुनचा डावा गाल उजव्या गालापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा आहे, असं तिचा नवरा स्टाइनार आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचा. खोटं नव्हतं ते. तीस वर्षं तिनं दरीतली बस चालवली होती. त्या देशात ड्रायव्हरची खिडकी डावीकडे, ऊन डावीकडून, म्हणून डावा गाल, डावं कानशील, डावा हात सगळीकडे वांग आलेलं. कॉफीचे थेंब उडून वाळावेत तसे तपकिरी डाग. उजवा हात मात्र अजून नव्या नवरीचा. योरुनला त्याची लाज नव्हती, उलट ती मिरवायची. "डाग नाहीत हे, माझ्या नोकरीचे बिल्ले आहेत," म्हणायची. बाई तोंडाची फटकळ आणि कातडीची जाड, निदान तिचा स्वतःबद्दल तसा समज होता.

या मार्चात मात्र डाव्या कानशिलावरचा एक डाग तिला वाढल्यासारखा वाटला. झालं! आरशापुढे दिवसातून दहा फेऱ्या. मन चिंती ते वैरी न चिंती. कुणाला सांगायचं नाही, आतल्या आत कुढायचं, आणि कुढता कुढता आपल्या मयताला कॉफीबरोबर कोणता केक ठेवतील इथवर तिची मजल गेली. शेवटी एकदाचा तिनं दवाखान्यात फोन केला आणि ईस्टरच्या आठवड्यातला मंगळवार मिळाला.

डॉक्टरीणबाई म्हणजे मार्ते. शाळेत असताना दर सोमवारी योरुनच्या बसमध्ये ओकायची ती मार्ते. आता तीच दिव्याखाली भिंग धरून योरुनच्या कानशिलावर वाकली होती, आणि योरुननं श्वास रोखून धरला होता.

"वयाचा डाग आहे, योरुन," मार्ते म्हणाली. "खरं तर उन्हाचा. वय बिचारं फुकट बदनाम होतं."

"नीट बघ गं. वाढलाय तो."

"नीटच बघतेय. रंग एकसारखा, कड सरळ, आजूबाजूला त्याचीच भावंडं. ऊन लागलं की कातडी स्वतःवर रंगाची छत्री धरते. तीस वर्षं रोज धरायला लावलीस, तर काही जागी ती मिटायचंच विसरते. तेच हे डाग."

"पण मी काचेमागे बसायचे की! बसमध्ये कधी भाजले नाही."

"भाजणारं ऊन काच बरंचसं अडवते. डाग पाडणारं आरपार येतं. म्हणून तर डावीकडे एवढे आणि उजवीकडे नाहीत."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"नाही."

योरुनचा जीव भांड्यात पडला. एवढा पडला की तिनं मार्तेला सोमवारच्या ओकाऱ्यांची आठवण करून दिली, आणि दोघी हसल्या. तिथंच ती उठून गेली असती तर तिचा ईस्टर सुखात गेला असता. पण मार्ते कामाची पक्की. तिनं भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं.

"हा बघून ठेव. असा दिसला तर दुसऱ्या दिवशी यायचं. एकाच डागात दोन-तीन रंग, कड फाटल्यासारखी, वाढत जाणारा, कधी खाजणारा, कधी रक्त येणारा. आणि मुख्य म्हणजे बाकीच्यांसारखा न दिसणारा. ईस्टरला पोळलेली, कृत्रिम उन्हाच्या पेटीत झोपलेली तुमची-आमची सगळी पिढ्यांची माणसं आता यायला लागलीत. आणि सर्वांत उशिरा कोण येतं, माहितेय? ज्यांना घरातल्या कुणी तरी वयाचा डाग म्हणून सांगितलेलं असतं ते."

योरुन चित्राकडे बघत राहिली. काळपट, एका बाजूनं लालसर, कड कुरतडल्यासारखी. हा डाग तिनं पाहिला होता. तिच्या मुलीच्या पाठीवर.

गेल्या जुलैत. तळ्याकाठी लाकडी धक्क्यावर सगळे पोहून बसले होते. इंगविल पाठमोरी होऊन म्हणाली होती, "आई, बघ ना गं, खांद्याच्या मागे काय आहे? कपडा घासला की खाजतं." योरुनच्या एका हातात कॉफीचा कप. तिनं एक नजर टाकली. एकच. आणि म्हणाली, "अगं, वयाचा डाग तो! चाळिशी लागली तुला, राणीसाहेब. माझ्याकडे बघ." असं म्हणून आपला डावा हात सगळ्यांना दाखवला. वर आणखी शहाणपण शिकवलं, की एवढ्यातेवढ्याला डॉक्टरचा वेळ खाऊ नये, लोक खरोखर आजारी असतात. सगळे हसले होते. इंगविलही हसली होती आणि तिनं टॉवेल खांद्यावर ओढून घेतला होता.

जुलै ते एप्रिल. नऊ महिने.

"योरुन? बरं वाटत नाही का?" मार्तेनं विचारलं.

"छे, छे. ईस्टर सुखाचा जावो," योरुन म्हणाली आणि बाहेर पडली. गाडी तिनं सरळ घरी आणली.

घरी स्टाइनार ईस्टरच्या सुट्टीसाठी पहाडावरच्या त्यांच्या झोपडीत न्यायच्या संत्र्यांच्या पिशव्या गाडीत भरत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. स्टाइनार सुतार माणूस, दोनदा मोजून एकदा कापणारा. त्यानं पिशवी खाली ठेवली, डोकं खाजवलं.

"तुला नक्की आठवतंय? तसाच होता?"

"तसाच."

"मग फोन कर."

तिनं केला. इंगविल स्कीला घासायचं मेण शोधत होती. मागे तिची नऊ वर्षांची लेक आस्ता बूट सापडत नाही म्हणून रडत होती. "आई, आत्ता नको गं, परवा येतेच आहे ना! काय ते तिथं बोलू." फोन बंद.

"परवा येतेय ती," स्टाइनार म्हणाला. "तसंही उद्या एका दिवसात वेळ मिळायचा नाही, आणि गुरुवारपासून सोमवारपर्यंत सगळे दवाखाने बंद. पोरीला पाच दिवस नुसतं घाबरवून ठेवायचं, आणि दाखवायला दार उघडं नाही. आधी तू बघ. मग बोल."

बोलणं शहाण्यासारखं होतं, म्हणूनच योरुनला त्याचा राग आला. "तुझं काय जातं रे बोलायला? तू म्हणाला होतास का तिला, जाऊ नकोस म्हणून? मी म्हणाले होते."

स्टाइनारनं पिशवी पुन्हा उचलली.

गुरुवारी दुपारी इंगविल आणि आस्ता स्कीवरून झोपडीशी पोचल्या. इंगविलचा नवरा एस्पेन अग्निशमन दलात, त्याला सुट्टी नव्हती. इंगविल दारात उभी राहिली तशी योरुननं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गाल लाल, डोळे तेच, पण चेहरा उतरलेला. का आपल्यालाच तसं दिसतंय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

"काय बघतेस गं?" इंगविल म्हणाली.

"वाळलीस."

"तू दर वर्षी हेच म्हणतेस."

खरं होतं.

आता पाठ बघायची कशी? पहाडावर एप्रिलातही माणूस कांद्यासारखा असतो, एकावर एक लोकरीच्या साली. योरुननं काय काय नाही केलं! "घाम आला असेल, बनियन बदल." नाही आला, आई. "पाणी तापवलंय, पाठ चोळून देऊ?" मी काय कुकुलं बाळ आहे का? "हा नवा स्वेटर घालून बघ तरी." अंगातल्या स्वेटरवरूनच घालून बघितला. स्टाइनार खुनाची कादंबरी वाचत बसला होता, तो पुस्तकाआडून म्हणाला, "या पुस्तकातल्या पोलिसांपेक्षा तुझीच चौकशी जास्त." योरुननं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं पान उलटलं.

सरळ विचारायचं होतं. जिभेवर यायचं, आणि ती गिळून टाकायची. विचारलं की ते खरं होणार, अशी तिची भीती. आणि त्याच्याही खाली दुसरी भीती होती, तिचं नाव घ्यायची तिची छाती होत नव्हती. पोरगी मेली तर ती आपल्यामुळे मरेल, ही.

शुक्रवारी आभाळ निळंशार उघडलं. असं ऊन पडलं की या लोकांना बाहेर या म्हणायची गरज उरत नाही. झोपडीची दक्षिणेकडची भिंत, तिच्यापुढे बर्फात खणलेला ओटा, त्यावर रेनडिअरची कातडी, आणि त्यावर भिंतीला पाठ टेकून, तोंड वर करून, डोळे मिटून अख्खं घर. पाच महिने अंधारात काढलेली माणसं. ऊन अंगावर आलं की लाज, शहाणपण, सगळं उतरवून ठेवतात. वर गार वारा असतो, म्हणून भाजतंय ते कळत नाही. खालून बर्फ तेच ऊन पुन्हा तोंडावर मारतं. मग मंगळवारी कामावर जायचं ते तपकिरी तोंड आणि चष्म्याची पांढरी खूण घेऊन, म्हणजे पहाडावर होतो हे सांगावं लागत नाही. योरुनच्या घरात तर सोमवारी रांगेत उभं राहून कोण जास्त करपलं ते ठरायचं, आणि जिंकेल त्याला मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचं मोठं अंडं. अकरा वर्षं ते योरुननं कुणाला मिळू दिलं नव्हतं. तिच्या लहानपणी तिची आई सगळ्यांच्या तोंडाला लोणी फासायची, लवकर रंग चढावा म्हणून. इंगविल लहान असताना योरुननं लोणी नाही, तेल फासलं होतं. दर ईस्टरला पोरीच्या खांद्यांची सालटं निघायची, आणि ती ओढून काढायची गंमत असायची. गंमत!

आज योरुन भिंतीशी बसली खरी, पण टोपी ओढून. आस्ता नाकाला पांढरं मलम थापून आली. इंगविलनं तिच्या कानांमागेही मलम लावलं, मानेवर रुमाल बांधला. मग तिनं आपली खुर्ची उचलली, झोपडीला वळसा घातला आणि उत्तरेच्या बाजूला सावलीत जाऊन बसली.

योरुन बघतच राहिली. चाळीस वर्षांत या घरातलं माणूस ईस्टरच्या शुक्रवारी सावलीत बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं. ताप असलेली माणसंसुद्धा उन्हात आणून ठेवायचे.

"ती तिकडे का बसली?" तिनं स्टाइनारला विचारलं.

स्टाइनारनं डोळे उघडले. पहिल्यांदाच तोही घाबरलेला दिसला. "विचार जा," तो म्हणाला. "आता विचारच, योरुन."

ती उठली. वळसा घालून गेली तेव्हा सावलीतली खुर्ची रिकामी होती. इंगविल आत गेली होती. योरुन आत शिरली, बुटांसकट, बर्फ सांडत. आतल्या खोलीचं दार तिनं न ठोकता उघडलं. इंगविल पलंगावर बसून मोजे बदलत होती.

"पाठ दाखव," योरुन म्हणाली.

"काय?"

"पाठ दाखव मला. तो जुलैतला डाग. मी तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाहीये, इंगविल. मला आता सहन होत नाही. दाखव."

इंगविलनं तिच्याकडे बघितलं. मग ती उठून पाठमोरी झाली आणि लोकरीचा बनियन मानेपर्यंत वर ओढला.

डाग नव्हता. जिथं डाग होता तिथं बोटभर लांब गुलाबी व्रण होता, आणि दोन्ही बाजूंनी टाक्यांची बारीक टिंबं.

योरुन पलंगावर बसली, म्हणजे पडलीच.

"कधी?"

"फेब्रुवारीत. दोनदा कापलं. आधी डाग, मग त्याच्या भोवतीचं."

"काय निघालं?"

"तुला ज्याची भीती वाटतेय तेच." इंगविलनं बनियन खाली सोडला नाही, तशीच भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली. "पातळ होता. पाऊण मिलिमीटर. खोल गेला नव्हता. आता स्वच्छ आहे म्हणतात. पण आणखी वर्षभर बसले असते तर..."

"आणि मला सांगितलं नाहीस? आईला? दवाखान्यात एकटी गेलीस? मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं, आई. जुलैत."

योरुनला वाटलं आपल्याला कुणी तरी छातीवर ढकललं.

"तू म्हणालीस म्हणून मी गेले नाही," इंगविल म्हणाली. ती रागानं बोलत नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "ऑगस्टात वाटलं जावं. म्हटलं, उगाच कशाला. ऑक्टोबरात फोन हातात घेतला आणि ठेवला. मग जानेवारीत एका सकाळी चादरीवर रक्त दिसलं. तेव्हा गेले. आणि गेल्यावर तुला सांगायचं धाडस झालं नाही. तू पुन्हा म्हणाली असतीस की एवढं काय त्यात. ते मला दुसऱ्यांदा ऐकवलं नसतं."

बाहेर आस्ता आजोबांना संत्र्याच्या सालीचे दात लावून दाखवत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं. योरुन रडत होती. आवाज न करता, नाक पुसायचंही भान नव्हतं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "सगळं माझ्यामुळे. ते तेल. ती सालटं. आणि दीक्षेच्या आधी ती पेटी..."

चर्चमधल्या दीक्षेच्या वर्षी, इंगविल चौदा वर्षांची असताना, केस कापणाऱ्या बाईच्या मागच्या खोलीत ती निळ्या उजेडाची पेटी होती. पोरगी पांढऱ्या झग्यात ताकासारखी दिसू नये म्हणून योरुननं दहा वेळांचं कार्ड घेऊन दिलं होतं. गावातल्या सगळ्या आयांनी घेतलं होतं.

"त्याचा हट्ट मीच केला होता," इंगविल म्हणाली.

"तू चौदाची होतीस. मी अडतीसची होते."

इंगविल यावर 'नाही गं आई' म्हणाली नाही. योरुन त्याची वाट बघत होती, तेही तिला कळलं, आणि ती स्वतःलाच मनात शिव्या घालू लागली. माफी मागायला आलीस का दिलासा गोळा करायला, भवाने?

"थोडं तुझ्यामुळे, थोडं माझं मी," शेवटी इंगविल म्हणाली. "आई, एक काम आहे. आठ दिवसांपासून सांगायचं म्हणतेय. सगळी पाठ कुणी तरी नेमानं बघायला हवी. मला दिसत नाही. एस्पेन आगीत शिरतो, पण माझी पाठ बघायची म्हटलं की त्याचे हात कापतात आणि घाईघाईनं सगळं ठीक आहे म्हणून मोकळा होतो. तू बघशील?"

"मी?" योरुन दचकली. "माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवशील तू? नको गं. मला भीती वाटते."

"मलाही वाटते. म्हणून तर विचारतेय. पण एक अट. 'काही नाही' म्हणायचं नाही. जे दिसेल ते सांगायचं."

योरुन उठली. तिनं इंगविलला दोन्ही खांद्यांना धरून खिडकीशी नेलं, बर्फावरचा पांढरा उजेड येत होता तिथं. चष्मा पुसला, पुन्हा घातला. मुलीची पाठ इतक्या जवळून तिनं तीसेक वर्षांत पाहिली नव्हती. केवढे ठिपके! खांद्यांवर तर तपकिरी शिंतोडाच पडलेला, एकेक ईस्टर तिथं बसून राहिलेला. कुठून सुरुवात करायची?

"मानेखाली तीन," ती म्हणाली. "फिकट. सारखे. उजव्या खांद्यावर पुष्कळ, सगळे एका रंगाचे. हा एक थोडा उंच आहे, पण गोल आहे."

"तो जुना. पुढे."

"पाठीच्या मधोमध दोन. गोल. व्रणाच्या कडेला काही नवीन दिसत नाही." तिचं बोट एकेका ठिपक्याशी थांबत खाली सरकत होतं. इंगविलच्या अंगावर काटा आला होता, बोट गार होतं म्हणून का भीतीनं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. फासळ्या संपल्या. कमरेच्या वर, डावीकडे, योरुनचं बोट थांबलं.

"काय गं?" इंगविल म्हणाली.

योरुननं चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. बाजूच्या ठिपक्यांशी लावून बघितलं. 'काही नाही' हे दोन शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसले होते, गोड, सोपे, जन्मभराच्या सवयीचे. म्हटले असते तर पोरगी आज रात्री झोपली असती, आणि ती स्वतःही.

"आई?"

"एक आहे," योरुन म्हणाली. "कमरेच्या वर, डाव्या बाजूला. मसुराएवढा. बाकीच्यांपेक्षा काळा आहे आणि वरची कड मला सरळ वाटत नाही."

इंगविलनं मागे हात करून चाचपडत आईचं मनगट पकडलं, डागांनी भरलेलं डावं मनगट, आणि आवळून धरलं.

"वाईट आहे?"

"मला माहीत नाही. ते मला कळत नाही, आणि कळतं असं मी आता म्हणणार नाही. दाखवायचा. मंगळवारी दार उघडायच्या आधी आपण दोघी दारात उभ्या राहायचं. मी येणार आहे बरोबर."

मनगटावरची पकड सैल झाली नाही. मग इंगविलनं दुसऱ्या हातानं घसरलेला बनियन पुन्हा वर घेतला.

"बाकीचं राहिलंय," ती म्हणाली. "बघ."

योरुननं बाहीनं डोळे पुसले आणि खाली वाकून पुढचे ठिपके सांगायला सुरुवात केली.